संकल्पात खंड पडला तर दोष लागतो का?

धुऱ्यावरचा (दर्यापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. गेल्या आषाढात माझ्या आईने संकल्प सोडला की, वर्षभर दर शुद्ध पक्षातील दशमी, एकादशी आणि द्वादशी या तीन दिवसांत श्रीगजानन महाराजांच्या पोथीचे एकवीस अध्याय, रोज सात याप्रमाणे, पूर्ण करायचे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे वाचन माझ्याकडे आले. ती समोर बसून ऐकते आणि मी वाचतो. भाद्रपदात तिला ताप चढून भरती करावे लागले आणि त्या महिन्याचे पारायण झाले नाही. नेमके त्याच सुमारास आमच्या वावरातले सोयाबीन पिवळे पडले आणि शेंगा भरल्याच नाहीत. तेव्हापासून भावकीतली वडीलधारी मंडळी सांगतात की, संकल्प मोडल्याचा हा दोष आहे आणि तो फेडायचा असेल तर गावाला रोडग्यांचे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण घालावे लागेल. आईच्या मनाने हे घेतले आहे. ती आता पोथी ऐकतानाही रडते.

माझे दोन प्रश्न आहेत. अशा खंडाचा दोष खरोखर लागतो का, आणि लागत असेल तर शास्त्रात त्यावर काय सांगितले आहे? दुसरे असे की, भीती आणि फळ या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या तर नामस्मरण, पारायण, उपवास यांनी माणसाला आतून नेमके काय मिळते? मी हे उपहासाने विचारत नाही. वाचताना काही अध्यायांना मला स्वतःला बरे वाटते, पण ते बरे वाटणे म्हणजे काय, हे मला सांगता येत नाही. शिवाय आता पऱ्हाटीची (कपाशीची) वेचणी सुरू होईल, हरभऱ्याला रात्रीच्या विजेवर ओलीत करावे लागेल, त्यामुळे रोज तासभर पूजा करणे मला जमणार नाही. अशा माणसाने काय करावे?

वीणेकरी गुरुजी (मेहकर)

रामकृष्ण हरी. तुमचा पहिला प्रश्न आधी घेतो, कारण आईचे रडणे थांबणे जास्त निकडीचे आहे.

सोयाबीन पिवळे पडण्याचे कारण पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असण्याचा संभव मोठा आहे आणि तो पांढरी माशी पसरवते. तुमच्या शेजाऱ्याच्या वावरातही तो आला असेल, आणि त्याने कोणताही संकल्प मोडलेला नसेल. देवावर हा आळ घेणे मला भक्तीला धरून वाटत नाही.

आता शास्त्राचे. आपल्याकडे कर्माचे नित्य (नेहमी करायचे), नैमित्तिक (प्रसंगाने करायचे) आणि काम्य (फळासाठी करायचे) असे भेद केले आहेत. मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, यात एक बारीक पण फार उपयोगाचा निर्णय दिला आहे : अमुक फळ मिळावे म्हणून केलेल्या काम्य कर्मात सर्व अंगे पुरी व्हावी लागतात, पण नित्यकर्म मात्र यथाशक्ती केले तरी चालते, त्यातले एखादे अंग राहिले म्हणून ते वाया जात नाही. म्हणजे तुमच्या आईचे पारायण एखाद्या विशिष्ट मागणीसाठी असेल, तर फार तर ती मागणी अपुरी राहील. पण मागणी अपुरी राहणे वेगळे आणि उलटून शिक्षा होणे वेगळे. या दोन गोष्टी आपल्या गावांत नेहमी एकत्र मिसळल्या जातात आणि त्यातून भीती जन्माला येते. शिवाय सुरू केलेले व्रत आजारपणात मुलाने किंवा जोडीदाराने पुढे चालवावे, अशी मुभा धर्मशास्त्राने दिलेली आहेच, आणि ती तुम्ही वाचायला बसलात तेव्हापासून वापरताच आहात.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक आईला वाचून दाखवा. तिथे भगवंत अर्जुनाला सांगतात की, या मार्गात आरंभलेले वाया जात नाही आणि उलटा दोषही लागत नाही. यातले थोडेसे आचरणही मोठ्या भयातून तारते. हे विधान निष्काम कर्मयोगाबद्दल आहे, त्यामुळे ते सरसकट प्रत्येक नवसाला लावणे बरोबर नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण ज्याला देवाकडून काही उकळायचे नाही, त्याच्यासाठी ते पूर्ण लागू आहे. पूजेच्या संकल्पात भटजी ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’ असे म्हणतात, म्हणजे जेवढे ठाऊक आहे आणि जे साहित्य हाती लागले आहे तेवढ्यावर पूजा करतो, असे आपण आरंभीच सांगून टाकतो; आणि शेवटी मंत्र, क्रिया, भक्ती यांतले काही उणे राहिले असल्यास ते पूर्ण मानून घ्यावे, अशी क्षमा मागतो. ज्या विधीत सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे माणसाच्या कमतरतेची जागा राखून ठेवली आहे, त्या विधीने आजारी बाईवर कोप करावा, हे पटणारे नाही.

आईबद्दल आणखी एक. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने जी नवविधा भक्ती सांगितली, तिच्यात श्रवण पहिले आहे. आपल्याच विदर्भातले गुलाबराव महाराज, जन्म 1881, लोणी टाकळीचे, तान्हेपणीच दृष्टी गेलेले. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेत शास्त्रे आत्मसात केली आणि स्वतःही ग्रंथ सांगून लिहवले. तेव्हा ऐकणे ही वाचता न येणाऱ्याची तडजोड आहे, असे आईने मनातून काढून टाकावे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत थोडक्यात सांगतो. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार मानतात. ओठांनी मोठ्याने, नुसते ओठ हलवून, आणि केवळ मनात. स्मृतिकारांनी मानस जपाला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. याचे कारण मला अनुभवाने असे वाटते की, तोंडाने नाम घेताना मन बाजारात फिरून येऊ शकते, पण मनातल्या मनात नाम घेताना मन निसटले की नामच थांबते, त्यामुळे निसटणे लगेच लक्षात येते. हे निसटणे वारंवार लक्षात येणे हाच पहिला लाभ आहे. रागाचा पहिला शब्द तोंडाशी आला असतानाच तो कळतो. पारायणात बरे वाटते असे तुम्ही म्हणता, त्याचेही कारण बहुधा हेच असावे. एका आवाजात, एका लयीत तासभर बसल्यावर डोक्यातली हिशोबांची गर्दी थोडी मागे सरते. त्यापुढचे, ईश्वराच्या जवळिकीचे, ज्याने त्याने अनुभवायचे असते. त्यावर मी बोलणार नाही.

सेलूची सून

गुरुजींनी दोषाची बाजू नीट मांडली आहे. मी उपवासाविषयी लिहिते, कारण धुऱ्यावरचे दादांनी तो शब्द एकदाच लिहिला, पण घराघरांतून त्याचा भार कुणावर पडतो हे बायांनाच ठाऊक असते.

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय श्रावण आणि नवरात्र असे सगळे धरणाऱ्या बाया आहेत आणि त्याच बाया दिवसभर निंदणाला वाकलेल्या असतात. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी काही नाही, आणि संध्याकाळी सगळ्या घराचा स्वयंपाक करून स्वतः दोन केळी. गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. सतराव्या अध्यायात तर शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून शरीराला कृश करणाऱ्यांची निंदाच केली आहे. ताप, मधुमेह, बाळंतपण किंवा डोळ्यांचे ऑपरेशन असताना उपवास केल्याने पुण्य वाढते, असे मानण्याला काही आधार मला सापडलेला नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली आणि त्या दिवशी एकादशी निघाली, तर दादांनी डॉक्टरांचे ऐकावे.

उपवासाचा खरा लाभ मी एवढाच पाहिला आहे की, भूक लागली असता ती लगेच भागवायची नाही, हे जिभेला एक दिवस शिकवता येते. पण त्या दिवशी घरातल्या सगळ्यांवर चिडचिड होत असेल, तर शिकवणी उलट झाली असे समजावे. माझ्या सासूबाई एकादशीला जेवण सोडण्याऐवजी कुणाची निंदा करायची नाही असा नेम धरतात. तो उपवासापेक्षा कठीण आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आणि नामाला सोवळे-ओवळे लागत नाही. पाळीचे दिवस असोत, सुतक असो, हात शेणाने भरलेले असोत, वारकरी संतांनी नामाला काळवेळ लावलेला नाही. म्हणून शेतकरी घरातल्या बाईला सर्वांत आधी नामच परवडते.

गुरुकुंजाचा सेवक

जय गुरुदेव. रोज वेळ कसा काढावा, या प्रश्नाला आमच्या भागात जे उत्तर रुजले आहे ते सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि गावोगावच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांतून पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, असा क्रम लावून दिला. यात खर्च नाही, पुरोहित लागत नाही, जातीनुसार बसण्याची जागा नाही. ठरलेल्या वेळी स्वच्छ सतरंजीवर ओळीने, ताठ आणि शांत बसायचे, सर्वांनी मिळून म्हणायचे आणि उठायचे. सकाळी आधी ग्रामसफाई आणि मग रामधून, हा क्रमही मुद्दाम तसा ठेवलेला आहे. झाडू आधी हातात येतो आणि भजन नंतर तोंडात येते.

एकट्याने करायचे म्हटले की शेतकरी माणसाचे चार दिवसांत थांबते. ओलिताहून पहाटे परत आलेला माणूस देवघरासमोर बसला तर तिथेच झोपेल. पण सातच्या प्रार्थनेला शेजारचा आवाज देतो, मुले आधीच बसलेली असतात, म्हणून पाय आपोआप वळतात. मला व्यक्तिशः याचा सर्वांत मोठा लाभ हा वाटतो की, ज्या भावाशी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) बोलणे बंद आहे, त्याच्या शेजारी रोज मांडी घालून बसावे लागते. मन शुद्ध होते की नाही ते देव जाणे, पण किती दिवस तोंड फिरवून बसणार?

रोडग्यांच्या जेवणाबद्दल मात्र माझे मत कडक आहे. रोडगे आणि वांग्याची भाजी मलाही आवडते, आणि आनंदाने घातलेल्या पंगतीला कुणी नाव ठेवणार नाही. पण पीक बुडालेल्या वर्षी, भीतीपोटी, सावकाराकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीतून पैसे फिरवून गावजेवण घालणे हा धर्म नव्हे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तनांतून हेच सांगितले की, कर्ज काढून देवकार्य करू नका आणि देवाच्या नावाने जनावर कापू नका. स्वतःच्या मुलीच्या बारशालाही त्यांनी रूढीप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण घातले होते. भावकीतल्या मंडळींना बाबा मान्य असतील, तर त्यांना एवढी आठवण करून द्यावी.

रिद्धपूरवाटेचा

दंडवत प्रणाम. मी महानुभाव घरातला आहे, म्हणून माझे म्हणणे थोडे वेगळे पडेल. वरच्या सगळ्या उत्तरांनी काम्य उपासनेला सौम्यपणे वागवले आहे. आमच्याकडे एका परमेश्वराची अनन्य भक्ती आहे. पीक, मूल, नोकरी यांसाठी देवतांकडे मागणी करणे आम्ही मुळातच त्याज्य मानतो. स्मरण करताना नाम आणि त्यासोबत श्रीचक्रधर स्वामींच्या, श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा डोळ्यांपुढे आणायच्या, एवढीच साधना. मागणीच नसली की मोडणारा संकल्पही उरत नाही आणि भावकीला बोट दाखवायला जागाही उरत नाही. आईंना या वयात हे एकदम पटणार नाही हे मला समजते, पण दादांनी स्वतःपुरता विचार करावा.

धुऱ्यावरचा

सर्वांचे आभार. काल रात्री गुरुजींचे उत्तर आईला वाचून दाखवले. क्षमा मागण्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. आता तिचा एकच प्रश्न आहे : राहिलेले भाद्रपदाचे पारायण कधी भरून काढायचे, आणि उद्यापनाला काहीच केले नाही तर चालेल का? सेवकदादांचे म्हणणे भावकीला सांगितले, त्यावर एक काका म्हणाले की, गाडगेबाबा मोठे होते, आपण लहान माणसे.

वीणेकरी गुरुजी (मेहकर)

काका फार हुशार दिसतात. वाद घालू नका.

भाद्रपदाचे पारायण पुढच्या कोणत्याही शुद्ध एकादशीला जोडून करा. तीन दिवस वेचणीत अडचणीचे जात असतील तर सात दिवसांवर पसरा, रोज तीन अध्याय. सप्ताहाची ती पद्धत सर्वत्र रूढ आहे. आईची प्रकृती पाहून ती ऐकेल तेवढे ऐकू द्या, मध्येच झोप लागली तर उठवू नका आणि वाचन थांबवूही नका. आषाढात वर्ष पूर्ण झाले की द्वादशीला पिठले-भाकरीचा नैवेद्य दाखवा. महाराजांना तो प्रिय होता, हे पोथी वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यामुळे भावकीलाही त्यावर बोलता येणार नाही. त्या दिवशी तुमच्या वावरात जे मजूर असतील त्यांना सोबत जेवायला बसवा, काकांनाही बोलवा. रोडगे पुढे कधी पीक हाती आले आणि मनापासून वाटले तर घाला.

तुमच्यापुरते म्हणाल तर, रात्री मोटर सुरू करून बारे देताना एका बाऱ्यातून दुसऱ्यात पाणी वळेपर्यंत बराच वेळ नुसते उभे राहावे लागते. मोबाईल खिशात ठेवून तेवढा वेळ मनात नाम घ्या. माळ नेऊ नका, चिखलात पडेल.