विधेयक पास होणार की नाही, हे सांगायला डोकं लागतं का?

वाळपईकर
गोवा विधानसभेत अनुसूचित जमातींना राखीव जागा देणारं विधेयक ११ ऑगस्ट २०२५ ला राज्यसभेतही मंजूर झालं. वर्षभर आमच्याकडे चहाच्या टेबलावर 'होतं की नाही' यावरून वाद. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की यात भाकीत करण्यासारखं काही नाही. विधेयक मंत्र्याने मांडलंय का, एवढं बघा. मांडलं असेल तर पास. खासगी सदस्याचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं असेल तर विसरा: स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. अमेरिकेत शेकडा दोन-चार विधेयकंच तगतात, म्हणून तिथे संगणकाला कामाला लावून शक्यता काढतात, ते समजू शकतं. आपल्याकडे व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश आहे, पक्षांतरबंदी आहे. खासदार स्वतःच्या मनाने मत देतो कुठे?

केपेंकार
वाळपईकरबाब, पाऊस पडणार हे जूनमध्ये कोणीही सांगेल. पेरणी कधी करायची ते सांगा. गावडा, कुणबी, वेळीप २००३ साली अनुसूचित जमातींत आले. २०११ च्या जनगणनेत राज्यात या जमातींची संख्या १,४९,२७५, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. विधानसभेच्या ४० जागांत राखीव एकच, पेडणे, तीही अनुसूचित जातींसाठी. आमची शून्य. विधेयक लोकसभेत मांडलं ५ ऑगस्ट २०२४ ला आणि तिथे मंजूर झालं ५ ऑगस्ट २०२५ ला. बरोब्बर एक वर्ष! मंत्र्यानेच मांडलं होतं ना? मग वर्षभर अडलं कुठे?

वाळपईकर
पास होणार म्हटलं होतं, कधी ते म्हटलं नव्हतं. शेवटी झालंच ना, तेही गदारोळात, आवाजी मतदानाने.

बंदरावरचा
'मंत्र्याने मांडलं की पास' हे आम्हा वास्कोवाल्यांना सांगू नका. प्रमुख बंदर प्राधिकरण विधेयक २०१६ साली आलं. मुरगाव बंदराचा प्रश्न, त्यामुळे इथे बऱ्याच जणांचे कान टवकारलेले. संसदीय समितीकडे जाऊन आलं, लोकसभेतच पडून राहिलं आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर मेलं. मग २०२० मध्ये नवं विधेयक, कायदा २०२१ मध्ये. २०१६ साली पैज लावणारा जिंकला की हरला?

आणि २०१५ चं भूसंपादन दुरुस्ती विधेयक? लोकसभेत सत्ताधाऱ्यांचं एकट्याच्या बळावर बहुमत, तीन वेळा वटहुकूम काढला, तरी शेवटी गुंडाळलं. वैयक्तिक माहिती संरक्षणाचं २०१९ चं विधेयकही मंत्र्यांचंच. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारनेच मागे घेतलं.

वाळपईकर
मागे घेतलं म्हणजे हरले नाहीत. मतदानाला टाकलं असतं तर झालं असतं.

बंदरावरचा
'टाकलं असतं तर'! प्रश्न कायदा होणार का हा आहे, झाला असता का हा नाही.

मधला_बाक
एक शंका. राज्यसभेतलं विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी मरत नाही ना? मग महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने २०१० मध्ये मंजूर करूनही कसं गेलं?

निवृत्त_टंकलेखक
इथेच बहुतेकांची गफलत होते. घटनेचा अनुच्छेद १०७ बघा. राज्यसभेत प्रलंबित असलेलं आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक जिवंत राहतं. राज्यसभेने मंजूर करून लोकसभेकडे पाठवलं की ते लोकसभेत प्रलंबित ठरतं आणि तिच्याबरोबर संपतं. ९ मार्च २०१० ला राज्यसभेने ते मंजूर केलं नसतं, तर २०१४ नंतरही ते कागदोपत्री जिवंत राहिलं असतं. मंजूर झालं म्हणून मेलं! बंदरावरच्यांचं विधेयक तर लोकसभेतच अडलेलं, शेवट तोच.

म्हणून मी आधी विधेयक कोणत्या सभागृहात अडलंय ते पाहतो, मग लोकसभेची किती वर्षं उरलीत ते. तिसरी गोष्ट, घटनादुरुस्ती आहे का. एकत्र निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला मांडलं तेव्हा बाजूने २६९, विरोधात १९८. मांडायला साधं बहुमत पुरतं. पण त्या दिवशी तेवढ्याच सदस्यांच्या मतांवर मंजूर करायचं असतं तर दोन तृतीयांशाच्या हिशेबाने ३१२ लागली असती. इथे व्हिप काढून काय होणार, डोकीच कमी.

वाळपईकर
घटनादुरुस्ती सोडून द्या, ती वेगळी जात. साध्या विधेयकांचं बोला.

केपेंकार
बंदर सोडा, भूसंपादन सोडा, घटनादुरुस्ती सोडा. नियमात उरलं काय?

मधला_बाक
पण वाळपईकर अगदीच चुकीचे नाहीत हां. पंधराव्या लोकसभेत शेकडा ७१ विधेयकं समित्यांकडे जात होती, सतराव्या लोकसभेत १६. मांडणं आणि मंजूर होणं यातली वाट आखूड झालीय. पूर्वी अंदाज बांधायला निदान समितीचा अहवाल तरी हातात असायचा.

केपेंकार
ठीक. मग पुढचं सांगा. या कायद्यात आधी जनगणना आयुक्त जमातींची लोकसंख्या निश्चित करणार, मग निवडणूक आयोग २००८ च्या मतदारसंघ आदेशात दुरुस्ती करणार. २०११ च्या आकड्यांवर हिशेब केला तर चार जागा येतात. २०२३ चा महिला आरक्षण कायदा बघा, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि अजून जनगणना, पुनर्रचनेची वाट बघत बसलाय. आमच्या विधानसभेची निवडणूक २०२७ मध्ये. त्याआधी आयोगाचा आदेश निघतो की नाही? तुमचा नियम काय म्हणतो?

वाळपईकर
आयोगाला व्हिप लागू नाही. तिथे माझा नियम चालत नाही.