स्प्रे की रोलर?

भाऊ, दोन खोल्या रंगवायला स्प्रे मशीन भाड्यानं आणू का, असं विचारलंय तुम्ही. घर रिकामं असतं तर हो म्हटलं असतं. पण सामान आत असताना कपाटं, खिडक्या, पंखे झाकण्यातच दिवस जातो, आणि तरी उडालेला बारीक रंग कुठेतरी बसतोच.

मी मागच्या मे महिन्यात मनीषनगरच्या घरी रोलरनं केलं. कडा, कोपरे, स्विचबोर्डाभोवती २ इंची ब्रश; बाकी भिंतीला ९ इंची रोलर. चुकलो एवढंच की भर दुपारी सुरुवात केली. आपल्या नागपूरचं ऊन! ब्रशनं मारलेली कड वाळून गेली, वरून रोलर फिरला आणि पट्टा उमटला. ट्यूबलाइट लावली की अजून दिसतो. (बायको पाहुण्यांना आवर्जून दाखवते.) दुसरी खोली सकाळी ६ ला घेतली, पंखा बंद, हातभर कड मारली की लगेच रोलर. मस्त बसली.

नवा रोलर आधी धुऊन वाळवा, नाहीतर त्याची लव भिंतीला चिकटते. खिडकीच्या ग्रिलला मात्र ब्रशच, तिथं रोलरचं काही चालत नाही.