‘सिंक करणे’ म्हणजे नेमके काय? (तीन आयपॉड, एक लायब्ररी)

विचारणा

घरात तीन आयपॉड (गाणी ऐकण्याची अ‍ॅपलची छोटी यंत्रे) आहेत: सासऱ्यांचा १६० जीबीचा क्लासिक, माझा नॅनो आणि मुलाकडचा जुना शफल. आजवर प्रत्येकाचा कारभार वेगळा होता. सासऱ्यांचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, म्हणून आता तिन्ही आयपॉड हॉलमधल्या एकाच विंडोज कॉम्प्युटरवर, आयट्यून्स या अ‍ॅपलच्या प्रोग्रॅममधल्या एकाच लायब्ररीतून चालवायचे ठरले आहे. सासऱ्यांना सकाळी नाट्यपदे आणि अभंग लागतात. मी घरी नसताना त्यांचे कुठे अडू नये, म्हणून मराठीत एक कागद लिहून टेबलाजवळ लावते आहे.

अडले ते पहिल्याच ओळीला. क्लासिक जोडला की पडद्यावर प्रश्न येतो: हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी सिंक केलेला आहे, तो पुसून या लायब्ररीशी सिंक करायचा का? सध्या ‘कॅन्सल’ केले आहे. कागदावर मी ‘समक्रमण’ लिहिले होते. सासरे मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी ‘सम’ पाहून अर्थ लावला की दोन्हीकडची गाणी एकत्र होतील आणि दोन्हीकडे सारखी दिसतील. शब्दातून तोच अर्थ निघतो हे मलाही पटले. पण पडदा ‘पुसून’ म्हणतो आहे! मग इथे नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद १

‘सिंक’च ठेवा. ‘चार्ज झाला का?’ विचारतो तसे ‘सिंक झाला का?’ सगळे विचारतात. रुळलेला शब्द आहे, करणे आणि होणे दोन्ही क्रियापदांशी नीट बसतो. अर्थ मात्र खाली एका ओळीत लिहा.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या सासऱ्यांनी लावलेला अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. गोंधळ मुळातल्या शब्दातच आहे. ‘सिंक्रोनाइझ’ ग्रीकमधून आला: ‘सिन’ म्हणजे एकत्र, ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ. दोन गोष्टी एकाच वेळी घडवणे हा त्याचा गाभा. सिनेमात ओठांची हालचाल आणि आवाज ‘सिंक’मध्ये नाहीत असे म्हणतात, तिथे तो अगदी चपखल बसतो. आपल्याकडचे ‘समकालन’, ‘संकालन’ आणि हिंदीतला ‘तुल्यकालन’ या सगळ्यांनी त्यातला काळ पकडला आहे. आयपॉडला गाणी देताना काळाचा काही संबंधच नसतो. तिथे एका यादीशी दुसरी यादी ताडून पाहायची असते. म्हणून मुळाबरहुकूम भाषांतर जितके चोख, तितका वाचणारा इथे जास्त फसेल.

प्रतिसाद ३

यासाठी मराठीत जुना, नेमका शब्द आहे: रुजुवात. बोलण्यात ‘रुजवात’. नक्कल मुळाशी ताडून पाहायची आणि नकलेत जे चुकले असेल ते मुळाप्रमाणे दुरुस्त करायचे, याला दप्तरी मराठीत ‘रुजुवात घेणे’ म्हणतात. कोर्टकचेरीच्या जुन्या नकलांखाली नक्कल करणाऱ्याची सही असे, तशी रुजुवात घेणाऱ्याचीही असे. आपण अजून ‘कामावर रुजू झाला’ म्हणतो, तो ‘रुजू’ याच घराण्यातला.

या शब्दाची खरी किंमत अशी की त्यात दिशा आहे. कोण मूळ आणि कोण नक्कल हे आधीच ठरलेले असते. रुजुवातीत नकलेवरून मूळ कागद कुणी बदलत नाही. आयपॉडचे आपोआप होणारे सिंक गाण्यांच्या बाबतीत असेच चालते. कॉम्प्युटरवरची लायब्ररी मूळ, आयपॉड तिची नक्कल. लायब्ररीत नवे गाणे आले की ते आयपॉडवर जाते. लायब्ररीतून काढले की पुढच्या सिंकला आयपॉडवरूनही जाते. आयपॉडवर आहे पण लायब्ररीत नाही, असे गाणे या हिशेबात राहूच शकत नाही. आणि नकलेला दोन मुळे असू शकत नाहीत, म्हणून आपोआप सिंक होणारा आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीचा असतो. दुसऱ्या लायब्ररीशी जोडला की ती विचारते: तुझे आधीचे मूळ सोडून मला मूळ मानायचे का? मानायचे तर पाटी कोरी करावी लागेल. तुमच्या पडद्यावरच्या ‘पुसून’चा अर्थ एवढाच.

उलट बाजूने मात्र बंधन नाही. एका मुळाच्या हव्या तितक्या नकला निघतात. तीन काय, दहा आयपॉड एका लायब्ररीवर चालतील. प्रत्येकाचे नाव वेगळे ठेवा. कोणत्या आयपॉडला कोणत्या प्लेलिस्ट द्यायच्या हे आयट्यून्स प्रत्येकासाठी वेगवेगळे लक्षात ठेवते. सासऱ्यांच्या क्लासिकला ‘नाट्यपदे’ आणि ‘अभंग’, तुमच्या नॅनोला तुमची यादी. नॅनोची जागा कमी, त्यामुळे पूर्ण लायब्ररी त्याच्यावर लादू नका; निवडलेल्या प्लेलिस्टवरच खूण करा.

प्रतिसाद ४

‘रुजुवात’ आवडला, पण पूर्ण लागू पडत नाही. सासऱ्यांनी आयपॉडवर एखादे पद दहादा ऐकले, त्याला पाच तारे दिले, तर सिंक केल्यावर ते आकडे लायब्ररीत येतात. म्हणजे नकलेवरून मुळात काहीतरी चढतेच. मी तरी ‘मिळवणी’ म्हणेन. जमाखर्चाची मिळवणी करताना दोन्ही वह्या समोर असतात.

प्रतिसाद ३ लिहिणारे

मुद्दा रास्त आहे. गाणी एकाच बाजूने जातात, ऐकल्याच्या नोंदी मात्र परत येतात. एकाच घरात तीन आयपॉड असले की याचा त्रासही होतो. तिघांचे ऐकणे एकाच खात्यात जमा होते. ‘सर्वांत जास्त ऐकलेली’ अशी आपोआप बनणारी प्लेलिस्ट मुलाच्या शफलला दिली, तर त्यात आजोबांचे अभंग येणारच. उपाय आहे: अशा प्लेलिस्टच्या अटींमध्ये संगीतप्रकाराची किंवा मूळ प्लेलिस्टचीही अट घाला, म्हणजे प्रत्येकाची यादी आपापल्या कुंपणात राहील.

तरी कागदावर ‘मिळवणी’ लिहू नका असे माझे मत आहे. मिळवणीत दोन्ही वह्यांना समान मान असतो. आजोबा पुन्हा तेच समजतील, की आयपॉडवरची गाणी कॉम्प्युटरवर येतील. आकडे परत आले नाहीत तरी त्यांचे काही बिघडत नाही. गाणी गेली तर बिघडते.

प्रतिसाद ५

तुम्ही ‘सिंक’वरच थांबलात. मला ‘लायब्ररी’ हा शब्द जास्त घातक वाटतो. ऐकल्यावर डोळ्यांपुढे गाण्यांनी भरलेले कपाट येते. आयट्यून्सची लायब्ररी म्हणजे एक नोंदवही. कोणते गाणे डिस्कवर कुठे आहे, किती वेळा ऐकले, कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे, एवढेच तिच्यात असते. गाण्यांच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. कुणी तो फोल्डर हलवला की नोंद राहते आणि फाईल सापडत नाही. मग गाण्याशेजारी उद्गारचिन्ह दिसते आणि ते गाणे आयपॉडवर जात नाही. अशा वेळी आयपॉडला दोष देत बसू नये. हरवलेल्या फायलीचा पत्ता पुन्हा दाखवून द्यावा.

वही म्हटले की आणखी एक कोडे सुटते. ‘कॉम्प्युटर तोच आहे, तरी दुसरी लायब्ररी म्हणतो’ ही तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते. विंडोजवर घरातल्या प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असेल, तर प्रत्येक लॉगिनची वहीही वेगळी. शिवाय शिफ्ट दाबून आयट्यून्स उघडले की कोणती वही उघडायची ते विचारले जाते, मॅकवर (अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर) तेच ऑप्शन दाबून. म्हणजे एकाच यंत्रावर दोन-तीन वह्या सहज निघतात. ताई, तिन्ही आयपॉड एकाच लॉगिनमधून लावा, ही कागदावरची पहिली ओळ असू द्या. मी तर ‘गाण्यांची वही’ असेच लिहीन.

विचारणा करणारी

‘गाण्यांची वही’ सासऱ्यांना लगेच समजले! पण आता धाकधूक वाटते. त्यांच्या क्लासिकमधली बरीच पदे त्यांनी स्वतःच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली आहेत. जुना कॉम्प्युटर गेला. म्हणजे मूळ गेले आणि हातात फक्त नक्कल राहिली?

प्रतिसाद ३ लिहिणारे

हो, आणि म्हणून तुम्ही ‘कॅन्सल’ केलेत ते फार चांगले झाले. आता नकलेवरून नवे मूळ तयार करायचे. घाई करू नका.

आयपॉड जोडताना कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबून धरा (मॅकवर कमांड आणि ऑप्शन), आयपॉड आयट्यून्समध्ये दिसेपर्यंत सोडू नका. आपोआप सिंक सुरू होत नाही. आयपॉड डिस्क म्हणून वापरण्याची सोय सुरू असेल तर तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात लपवलेले फोल्डर दाखवायला सांगितले की ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचा फोल्डर सापडेल, त्यात ‘म्युझिक’. आत एफ शून्य शून्यपासून सुरू होणारे फोल्डर आणि फायलींची चार अक्षरी निरर्थक नावे. बघून दचकू नका. गाण्याचे आणि गायकाचे नाव बहुधा फायलीच्या पोटात लिहिलेले असते, आयट्यून्समध्ये घेतल्यावर ते परत दिसते. सगळा ‘म्युझिक’ फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवा, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, मग वहीत चढवा. कॅसेटवरची चार-पाच पदे वाजवून खात्री करून घ्या. त्यानंतरच पुसून सिंक करण्याला होकार द्या. तारे आणि ऐकल्याचे आकडे या वाटेने येणार नाहीत, गाणी येतील.

जुना कॉम्प्युटर मॅक असेल तर वेगळी अडचण येते: मॅकवर घडवलेला आयपॉड विंडोज वाचू शकत नाही. मग हे काम कुणाच्या तरी मॅकवर करावे लागेल. २०१९ नंतरच्या मॅकवर आयट्यून्स शोधू नका; तिथे गाणी ‘म्युझिक’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये आणि आयपॉडचे सिंक ‘फाइंडर’मध्ये (मॅकवर फायली पाहायच्या खिडकीत) गेले आहे.

प्रतिसाद ६

इतका वेळ कुणी ‘भरणे’ कसे म्हटले नाही? गावोगावच्या मोबाईलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची. कार्ड द्यायचे, गाणी भरून घ्यायची. भरण्यात आधीचे पुसले जाईल अशी शंकाही कुणाला येत नसे. आयपॉडमध्येही ही सोय आहे: ‘मॅन्युअली मॅनेज’वर खूण केली की आपण ओढून टाकू तेच गाणे जाते आणि आपण काढू तेच निघते. तेव्हा कागदावर दोन क्रियापदे वेगळी ठेवा. हाताने टाकतो ते ‘भरणे’, वहीप्रमाणे आपोआप होते ते ‘सिंक’.

सावध राहायचे ते शफलच्या ‘ऑटोफिल’ला, म्हणजे आयट्यून्सने स्वतःच गाणी निवडून भरण्याच्या सोयीला. नावात ‘भरणे’ असले तरी तिथे ‘सगळी गाणी बदला’ अशी एक खूण असते. ती असेल तर आधीची गाणी जाऊन नवी येतात.

विचारणा करणारी

कागद असा लिहिला आहे, बघून सांगा:

‘आपल्या लॉगिनमधूनच आयट्यून्स उघडावे. गाण्यांची वही कॉम्प्युटरवर आहे, आयपॉड तिची नक्कल आहे. सिंक म्हणजे वहीवरून नकलेची रुजुवात: वहीत नाही ते आयपॉडवर राहणार नाही. नवे गाणे आधी वहीत चढवावे. पडद्यावर “इरेज” हा शब्द दिसला तर काहीही न दाबता मला फोन करावा. झाल्यावर आयपॉड बाहेर काढावा.’

‘रुजुवात’ वाचून सासरे खूश झाले. त्यांच्या वडिलांच्या तोंडी हा शब्द असायचा म्हणे.

प्रतिसाद ५ लिहिणारे

उत्तम. फक्त शेवटची ओळ बदला. ‘बाहेर काढावा’ वाचून ते वायरच ओढतील. ‘इजेक्ट’साठी ‘सोडवणे’ लिहा: ‘आधी पडद्यावर आयपॉड सोडवावा, मग वायर काढावी.’