कुस्तीतली कळ मज्जारज्जूतच अडते

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बोट निखळलं तरी पैलवानाला कुस्ती संपेपर्यंत कळ जाणवत नाही, हा निव्वळ मनाचा निर्धार, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. बोटाकडून निघालेला कळेचा संदेश मज्जारज्जूच्या, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतातंतूंच्या दोरीच्या, मागच्या भागात पोचतो. तिथं चेतातंतूचं टोक ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही निरोप पुढे नेणारी रसायनं सोडतं, मग तो संदेश मेंदूकडे चढतो. पण ऐन झुंजीत मेंदूही खाली निरोप धाडतो: मज्जारज्जूत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन सुटतं, तिथल्याच छोट्या पेशी एन्केफॅलिन हे दुसरं रसायन सोडतात, आणि कळ वाटेतच मंदावते. १९७५ मध्ये ओळख पटलेलं हे एन्केफॅलिन, मॉर्फिन हे वेदनाशामक औषध पेशींवर जिथं चिकटतं तिथंच चिकटतं. आपल्याच पाठीच्या कण्यात असं औषध! आमच्या तालमीत म्हणूनच पोरगं मातीतून उठलं, की दुखत नसलं तरी बोटं, मनगट, गुडघे चाचपून बघतो.