ऑस्करचा आरएनए वाटेत मुका कसा राहतो?

प्रश्न: फळमाशीच्या अंडपेशीत ऑस्कर या जनुकाचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू) मागच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यापासून प्रथिन बनत नाही. हे एकट्या ब्रुनो प्रथिनाचे काम आहे का?

उत्तर १: नाही. ब्रुनो या आरएनएच्या शेपटीकडील, ज्यापासून प्रथिन बनत नाही अशा भागाला चिकटते आणि कप या प्रथिनाला तिथे आणते. प्रथिननिर्मिती सुरू करण्यासाठी इआयएफ४ई आणि इआयएफ४जी हे दोन घटक एकत्र यावे लागतात; कपने इआयएफ४ई अडवून धरल्यामुळे त्याची इआयएफ४जीशी गाठ पडत नाही आणि अनुवाद, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनणे, सुरूच होत नाही. शिवाय ब्रुनोमुळे अनेक आरएनए एकवटून मोठे कण बनतात, ज्यांत रायबोसोमला, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेला, शिरकाव मिळत नाही. माझ्या मते ही दुसरी तऱ्हा अधिक रंजक आहे.

उत्तर २: वाहतुकीची साखळी निराळी आहे. १५ पोषक पेशींतून अंडपेशीत येताना इगॅलिटेरियन हे प्रथिन आरएनएला डायनिन या वाहक प्रथिनाशी जोडते. पुढे दुपदरी आरएनए ओळखणारे स्टॉफेन हे प्रथिन इगॅलिटेरियनला बाजूला सारते, आणि मग कायनेसिन हे दुसरे वाहक प्रथिन आरएनएला मागच्या टोकाकडे नेते.

प्रश्नकर्ता: आणि स्टॉफेन नसेल तर?

उत्तर २: तर आरएनए टोकाशी स्थिरावत नाही आणि भ्रूणात पोटाचे खंड व जननपेशी तयार होत नाहीत. याउलट, १९९२ साली अ‍ॅन एफ्रुसी आणि रूथ लेमन यांनी ऑस्करचा आरएनए पुढच्या टोकाला वळवला, तेव्हा जननपेशी तिथेच उगवल्या.