गरम झाली की गाडी बंद पडते, ईसीएम (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय म्हणतात. बदलू का? (सोलापूर)

विजापूर_रोडकर

नमस्कार मंडळी. वडिलांची 2005 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडर, एमपीएफआय (ईसीएमच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी). इंजिन धडधाकट आहे, ऑइल खात नाही, पत्राही चांगला आहे. विकायचा विचार नाही. आईला कुंभारीला हॉस्पिटलमध्ये न्यायला हीच गाडी लागते.

त्रास असा आहे. सकाळी अर्ध्या सेल्फला सुरू होते. दुपारच्या उन्हात अर्धा तास चालली की चालता चालता बंद. आचके नाहीत, मिसिंग नाही, एकदम बंद. मग सेल्फ जोरात फिरतो पण गाडी उचलत नाही. बोनट उघडून सावलीत तासभर ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. परवा आसरा चौकात ऐन गर्दीत थांबली, आई मागे बसलेली, बाहेर 43 डिग्री. फार वाईट वाटलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. बंद पडल्यावर चावी ऑन केली तर चेक इंजिनचा दिवा लागतच नाही. सकाळी तोच दिवा व्यवस्थित लागतो. पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाजही त्या वेळी येत नाही.

एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. 'कनेक्ट होत नाही, म्हणजे ईसीएम गेला' असं सांगितलं. नवीन आता मिळत नाही, भंगारातला नऊ हजाराला आणून देतो म्हणाले, गॅरंटी नाही. बदलू का? बजेट बेताचं आहे.

बाळे_फिटर

भाऊ, गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू म्हटलं की आधी क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते ईसीएमला सांगणारा) बघा. आतली कॉइल तापली की तुटते, गार झाली की जुळते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का बघा. अजिबात हलत नसेल तर नव्वद टक्के सेन्सरच. नऊ हजार घालायच्या आधी हे करा.

अक्कलकोट_रोड_ऑटोइलेक्ट्रिक

फिटरदादांचं म्हणणं एरवी बरोबर आहे, क्रँक सेन्सर असाच त्रास देतो. पण रोडकरसाहेबांनी लिहिलेली दिव्याची गोष्ट सोडू नका. क्रँक सेन्सर गेला तरी चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पंप दोन सेकंद फिरतो, कारण ही दोन्ही कामं ईसीएम इंजिन फिरायच्या आधीच करतो. तुमच्याकडे दोन्ही बंद आहेत. म्हणजे त्या क्षणी ईसीएम झोपलेला आहे. पण तो स्वतः मेला म्हणून झोपला, की त्याला जेवणच मिळत नाही म्हणून, हे अजून कोणी तपासलेलं दिसत नाही.

स्कॅनरचं आधी सांगतो. कनेक्ट झाला नाही म्हणून ईसीएम मेला, हे 2005 च्या गाडीला लागू होत नाही. आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून स्कॅनरला सांगायची व्यवस्था) सक्ती बीएस-4 या धुराच्या नियमांबरोबर 2010 मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा एप्रिल 2013 पासून. बीएस-4 सुरुवातीला ज्या 13 शहरांत आलं त्यात सोलापूर होतं. त्यामुळे इथल्या बऱ्याच पोरांचा हात नंतरच्याच गाड्यांवर बसला आहे. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची स्कॅनरशी बोलायची पद्धत वेगळी. साधा स्कॅनर धडधाकट ईसीएमलाही सापडत नाही. सकाळी गाडी सुरू असताना तोच स्कॅनर लावून बघा. तेव्हाही कनेक्ट झाला नाही तर गॅरेजवाल्याचा पुरावा बाद.

आता खरी तपासणी. ती गाडी बंद पडलेली असतानाच करायची, थंड झाल्यावर काहीही सापडणार नाही. मल्टिमीटर आणि छोटा टेस्ट लॅम्प गाडीतच ठेवा. बंद पडली की चावी ऑन करून मेन रिलेवर (ईसीएमला सप्लाय जोडणारा स्विच) बोट ठेवा, टक् जाणवला पाहिजे. जुन्या रिलेत आतला सोल्डर तडकलेला असतो, तापला की सुटतो. दोन-अडीचशे रुपयांच्या रिलेपायी ईसीएम बदललेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत.

रिले ठीक असेल तर ईसीएमच्या कपलरवर मागच्या बाजूने पिन घालून सप्लाय बघा. वायरचं कव्हर टोचू नका, पुढे तिथेच गंज धरतो. नुसत्या मीटरवर भरवसा ठेवू नका. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, दिवा मात्र मिणमिणतो. टेस्ट लॅम्प फक्त सप्लाय आणि अर्थिंगच्या वायरीवर लावायचा, सिग्नलच्या वायरीवर चुकूनही नाही, नाहीतर चांगला ईसीएम जाळाल. अर्थिंगसाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीएमच्या अर्थ वायरीला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.1 व्होल्टच्या आत पाहिजे. जास्त असेल तर इंजिनवरचा अर्थचा नट सोडून घासून पुन्हा आवळा.

सप्लाय, अर्थ दोन्ही बरोबर असतील तर थ्रॉटल सेन्सरच्या (अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा) तीन वायरींपैकी एकीवर 5 व्होल्ट मिळतात का ते बघा. हे 5 व्होल्ट ईसीएम स्वतः तयार करून सेन्सरांना देतो. नसतील तरी लगेच ईसीएमला दोष नको. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो ती लाइन खाली ओढतो आणि अख्खा ईसीएम मेल्यासारखा दिसतो. मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल सेन्सर, 5 व्होल्टवर चालणारं जे जे असेल ते एकेक करून कपलरमधून काढा आणि मीटरकडे बघत राहा. एखादा काढल्याबरोबर 5 व्होल्ट परत आले तर चोर तोच. सगळे काढूनही आले नाहीत, तरच मी ईसीएमला दोषी म्हणेन.

विजापूर_रोडकर

दादा, तुम्ही लिहिलं तसंच केलं. सात रस्त्याजवळ बंद पडली तेव्हा भाचा बरोबर होता. सकाळी तोच स्कॅनर लावला होता, सुरू गाडीलाही कनेक्ट झाला नाही. मेन रिलेचा टक् येतो. टेस्ट लॅम्प लख्ख लागला. अर्थवर 0.04. पण थ्रॉटल सेन्सरवर 5 ऐवजी 1.8 व्होल्ट. 5 व्होल्टवर चालणारे तिन्ही सेन्सर काढले तरी 1.8 च.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना ईसीएम जागेवर जोडलेला ठेवून, चावी ऑन करून, डब्यावर केस वाळवायचा ड्रायर धरला. मीटर 4.98 वर होता. थोड्या वेळाने 4.6, मग 3 च्या खाली, आणि चेक इंजिनचा दिवा विझला. ड्रायर बंद करून पंख्याखाली ठेवल्यावर हळूहळू परत 5.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढून डबा सोडवला आणि उघडला. आत एका कपॅसिटरच्या (वीज साठवणारा छोटा भाग) बुडाशी तपकिरी चिकट थर आहे, मासळीसारखा वास येतो, शेजारची तांब्याची रेघ हिरवी पडली आहे. आता भंगारातला घेऊ?

अक्कलकोट_रोड_ऑटोइलेक्ट्रिक

शाब्बास, आता दोष सिद्ध झाला. तरी भंगारातला लगेच घेऊ नका. तोही तितकाच जुना, त्याचेही कपॅसिटर तेवढेच तापलेले. तुमचा प्रोसेसर जिवंत आहे, खराब झालाय तो पॉवरचा भाग, आणि तो दुरुस्त होतो. बोर्डाचं बारीक काम करणाऱ्या माणसाकडे द्या, इन्व्हर्टर-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा चालेल, हात स्थिर पाहिजे. एकच नाही, सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायला सांगा. मायक्रोफॅरड तोच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि 105 डिग्रीचेच. सांडलेलं रसायन आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढायचं, हिरवी रेघ सलग आहे का ते मीटरने तपासायचं, तुटली असेल तर वरून तार टाकायची. शेवटी संरक्षक लेप.

पण डबा जोडायच्या आधी एक काम करा, आणि हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो: तो का बिघडला ते शोधा. इंजिन 2500 आरपीएमवर ठेवून बॅटरीवर चार्जिंग मोजा. 13.8 ते 14.5 ठीक. 15 च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलेला आहे, तो नवा कपॅसिटरही शिजवून काढेल. मीटर एसी व्होल्टवर ठेवून पुन्हा मोजा, अर्धा व्होल्ट दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे ओहमही बघा. अशा गाड्यांत इंजेक्टर साधारण 12 ते 16 ओहमचे असतात. शॉर्ट कॉइल नव्या ईसीएमचा ड्रायव्हर (कॉइलला चालवणारा बोर्डावरचा भाग) पहिल्याच सेल्फला जाळते. काचेच्या रबरातून किंवा एसीच्या नळीतून डब्यावर पाणी ठिबकतं का, तेही हात लावून बघा.

होटगी_रोड_सॅन्ट्रोवाला

माझा अनुभव सांगतो. मी बाहेरगावाहून सेकंडहँड ईसीएम मागवला होता, पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळत होता. बसवला तर सेल्फ फिरतो, गाडी एक सेकंद सुरू होऊन बंद, डॅशवर चावीचं चिन्ह चमकतंय. इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखली नाही तर गाडी चालू न देणारी व्यवस्था. विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि पैसेही परत दिले नाहीत. शेवटी जुन्या बोर्डावरचा मेमरी आयसी काढून त्यावर लावला तेव्हा सुरू झाली.

विजापूर_रोडकर

चार्जिंग 15.3 निघालं! अल्टरनेटरचा रेग्युलेटर बदलला, आता 14.2. नवी पेठेतल्या एका कारागिराने पाच कपॅसिटर बदलले, एक रेघ जोडून दिली. सगळं मिळून भंगारातल्या डब्याच्या निम्म्यापेक्षा कमी खर्च आला. बॅटरी जोडल्यावर आयडलिंग जरा वरखाली होत होतं, थोडं चालवल्यावर आपोआप बसलं. काल भर दुपारी आईला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो, एसी लावून, कुठेही थांबली नाही.

आता शेवटचं विचारतो. जपून ठेवायला म्हणून तो भंगारातला घेऊन ठेवू का?

अक्कलकोट_रोड_ऑटोइलेक्ट्रिक

आईंना बरं वाटलं असेल, छान झालं.

स्पेअर घ्यायचा तर लेबलवरचा पूर्ण नंबर जुळला पाहिजे, शेवटच्या अक्षरासकट. नुसतं मॉडेल जुळून उपयोग नाही, पेट्रोल इंजिन तेच असलं तरी एसी-बिनएसी, पॉवर स्टिअरिंग यांवर नंबर बदलतो. आधी उघडून बघू द्या म्हणा, नाही म्हणाला तर सोडून द्या. आणि सॅन्ट्रोवाल्या भावांनी लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे. तुमच्या बोर्डावरच्या आठ पायांच्या मेमरी आयसीत चावीची ओळख साठवलेली असते. आत्ता गाडी चालू आहे तोवर त्याच कारागिराकडून तो आयसी वाचून फाइल काढून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. ती फाइल असली तर उद्या कुठलाही जुळणारा डबा तुमच्या चावीवर चालवता येईल.