जिमच्या पायऱ्यांपाशी अडखळणाऱ्यांसाठी अ‍ॅप करतेय (जळगाव, भुसावळ, धुळे) – सल्ला हवा

मेहरूणकाठ:
नमस्कार मंडळी. मी जळगावची, अ‍ॅपच्या डिझाइनचं काम करते. गेल्या वर्षी जिम लावायचं ठरवलं. घरापासून दहा मिनिटांवर, दुकानांच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक जिम होती. तीन संध्याकाळी मी गाडी लावून खाली उभी राहिले आणि तशीच परत आले. वरून गाण्यांचा दणदणाट, जिन्यात मुलं उभी, दारावर पिळदार दंडांचं पोस्टर. आत बायका असतात का, कपडे काय घालायचे, गेल्या गेल्या पैसे मागतील का, काहीच कळायला मार्ग नव्हता. गूगल मॅपवर साडेचार तारे होते, पण ते देणारे सगळे आधीपासून व्यायाम करणारे.

चौथ्या वेळी मैत्रीण सोबत होती, दुपारी चारला गेलो. आत चार बायका होत्या, एक माझ्या आईच्या वयाची. हे आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी वर गेले असते.

म्हणून हे अ‍ॅप: जिमला जायला बिचकणाऱ्याला स्वतःला जमेल अशी जिम शोधून देणारं. पहिलं कच्चं डिझाइन झालंय: नकाशा, अंतर, फी, तारे, मशिनांची यादी. ते आईला दाखवलं. तिने सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "साडी नेसून आलेल्या बाईला तिथे आत घेतात का?" माझ्या एकाही स्क्रीनवर याचं उत्तर नव्हतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उघडल्यावर सगळ्यात आधी काय विचारावं? माहिती गोळा कशी करावी आणि ती खरी कशी राहील? आणि जिमवाल्यांकडून पैसे घ्यावेत का?

देवपूरची_बाई:
ताई, मी धुळ्यात शिक्षिका आहे, वय ४६. माझी अडचण अनोळखी माणसांची नाही, ओळखीच्यांची आहे. गल्लीतल्या जिममध्ये संध्याकाळी माझ्याच शाळेतली जुनी मुलं असतात. ती "बाई, तुम्ही?" म्हणतात, प्रेमानेच म्हणतात, पण मला तिथे वाकून व्यायाम करता येत नाही. पांझरा नदी ओलांडून गावातल्या जिमला मी आनंदाने जाईन. त्यामुळे सगळ्यात जवळची जिम सगळ्यात वर दाखवू नका. पुण्या-मुंबईत ते ठीक असेल. आपल्याकडे जवळ म्हणजे ओळखीचं, आणि बिचकणाऱ्याला तेच नको असतं. "घरापासून जरा लांबची चालेल" असा पर्याय द्याच.

भुसावळ_ट्रेनर:
११ वर्षं ट्रेनर आहे, म्हणून आतल्या बाजूचं सांगतो. नवीन माणूस फोनवर फी विचारतो तेव्हा बहुतेक जिमवाले "एकदा येऊन तर बघा" म्हणतात. आला की वर्षाचं पॅकेज पुढे करतात. महिन्याची फी वेगळी, अ‍ॅडमिशन वेगळी, पर्सनल ट्रेनिंग वेगळं. तुमच्या अ‍ॅपवर एकच आकडा हवा: पहिल्या महिन्यात खिशातून एकूण किती जाणार. जो जिमवाला हा आकडा देणार नाही, त्याच्या नावापुढे "फी सांगितली नाही" असं लिहा. आमच्या धंद्यातल्या लोकांना राग येईल, तरी लिहा.

दुसरं, गर्दीचं वेळापत्रक तासागणिक दाखवा. सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ मुलांची गर्दी. अकरा ते चार जिम जवळपास रिकामी असते. बिचकणाऱ्या माणसासाठी हीच वेळ सोन्याची. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वर पत्रे आणि आत एकच कूलर असेल तर त्या वेळी नवख्या माणसाला पाठवणं धोक्याचं आहे. उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं ठेवा, आणि एसी, कूलर की नुसते पंखे, तेही लिहा. लाइट गेल्यावर काय होतं, हेसुद्धा विचारून घ्या.

तिसरं तब्येतीचं. पार-क्यू प्लस नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. सुरुवातीला सातच प्रश्न असतात: हृदयाचा आजार किंवा बीपी सांगितलंय का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, अशा धर्तीचे. एकाचंही उत्तर "हो" आलं तर पुढची चौकशी आणि गरज पडली तर डॉक्टर. अ‍ॅपने स्वतः सल्ला देऊ नये, एवढंच दाखवावं.

मेहरूणकाठ:
दादा, "पहिल्या महिन्यात एकूण किती" ही ओळ आजच टाकते. देवपूरच्या बाईंचं वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. अंतर हा माझ्या डिझाइनचा कणा होता.

आणखी एक कोडं. पाट्यांवर सगळीकडे "लेडीज बॅच" लिहिलेलं असतं. मी चार ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी त्याचा अर्थ फक्त बायका आणि बाई ट्रेनर. दुसरीकडे फक्त बायका, पण ट्रेनर पुरुष. उरलेल्या दोन ठिकाणी बायका त्या वेळेला "जास्त येतात", एवढंच. हे एका खुणेत कसं बसवायचं?

देवपूरची_बाई:
बसवूच नका. तीन वेगळी वाक्यं लिहा, अगदी तुम्ही इथे लिहिलीत तशीच. त्या वेळी पुरुष आत येतात का, शिकवणारं कोण, आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का. ही तीन उत्तरं मिळाली की मी ठरवू शकते.

बोरीकाठचा:
ताई, आमना गावमा जिम नही शे, तालीम शे. अमळनेर तालुक्यातलं गाव. सकाळी दंड-बैठका, मल्लखांब, पैसे जवळपास काहीच नाहीत. ज्याला महिन्याला हजार रुपये जड जातात त्याने काय करायचं? तालमी आणि जुन्या व्यायामशाळाही टाका. आमच्याकडे फक्त पुरुष येतात, तेही स्पष्ट लिहा, म्हणजे कोणी ताई उगाच येऊन परत जाणार नाही.

नंदुरबार_ते_पुणे:
मी पुण्यात अ‍ॅपच्याच कामात आहे, गाव नंदुरबार. बिचकणाऱ्यांचा विचार बाहेर धंद्यानेही केलाय. अमेरिकेत प्लॅनेट फिटनेसने "जजमेंट फ्री झोन", म्हणजे इथे तुम्हाला कोणी जोखणार नाही, हेच ब्रीद केलं आणि मोठी साखळी उभी केली. तेव्हा ही माणसं थोडी आहेत असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

पहिल्या स्क्रीनवर नाव, वय, वजन काहीही विचारू नका. वजनाचा रकाना दिसला की तुमची मावशी अ‍ॅप बंद करेल. एकच प्रश्न ठेवा: "कशाने अडतंय?" खाली आठ-दहा साधी वाक्यं. ओळखीचे भेटतील, कपड्यांचा प्रश्न, मशीन चालवता येत नाही, गुडघे दुखतात, पैसे अडकतील. जे निवडलं त्यावरून जिमची यादी लागेल. नकाशा नंतर.

तारे काढून टाका. त्याऐवजी पहिल्यांदा गेलेल्यांनाच तीन प्रश्न: दारात कोणी विचारपूस केली का, पहिल्या दहा मिनिटांत काय करायला सांगितलं, पैशांसाठी मागे लागले का. दाराचा आणि जिन्याचा फोटोही हवा. आपल्याकडे निम्म्या जिमा दुकानांच्या वर नाही तर तळघरात, जिना कसा आहे हे गुडघेदुखीवाल्याला आधी कळायला हवं.

माहितीचं म्हणाल तर गूगलवरचे अभिप्राय उचलून साठवू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, त्याचा सांगाडा घ्या आणि स्वतः फिरा. प्रत्येक जिमखाली "शेवटचं पाहिलं" म्हणून तारीख. चार महिने उलटले की ती नोंद फिकट दिसू द्या.

जिमवाल्यांचे पैसे घ्या, पण यादीतल्या जागेसाठी कधीच नाही. आणि माणसाचा नंबर जिमला त्याने स्वतः दिल्याशिवाय जाता कामा नये. एकदा नंबर गेला की रोज फोन सुरू होतात, बिचकणारा तिथेच संपतो. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा वाचून ठेवा. त्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती घ्यायला सांगितलंय, आणि कॉलेजची पहिल्या वर्षाची मुलं तुमच्याकडे येणारच.

एक कामाची गोष्ट राहिली. प्ले स्टोअरवर डेव्हलपर म्हणून नवं वैयक्तिक खातं काढलंत तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. ते १२ जण मित्रमंडळींतले घेऊ नका, खरोखर बिचकणारे शोधा.

चाळीसगाव_काका:
वय ६३, शुगर आहे. डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली. मला वाटायचं जिम म्हणजे रोज जायलाच हवं, म्हणून दोन वर्षं टाळलं. मग कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस किंवा जास्त एवढाच आहे, आणि चालणं वगैरे मिळून १५० ते ३०० मिनिटं. चालणं मी करतच होतो. "आठवड्यातून दोनदा येणाऱ्यासाठी फी किती" असं अ‍ॅपमध्ये विचारा बेटा. आणि अक्षरं मोठी ठेव.

मेहरूणकाठ:
काका, अक्षरं आजच मोठी केली.

पहिली स्क्रीन आता "कशाने अडतंय?" अशी आहे. पर्यायांत आईचा साडीचा प्रश्न तिच्याच शब्दांत टाकलाय. तारे गेले, तालमी आल्या. सुरुवातीला फक्त जळगाव आणि धुळ्यातल्या तीस जिमा घेते, भुसावळ नंतर. दादा, भुसावळला आले की तुम्हाला गाठीन. हाताने फिरून होईल तेवढंच, पण प्रत्येक जिना मी स्वतः चढलेला असेल. जळगावचा भाग मी करते. धुळ्यात माझ्यासोबत फिरायला कोणी आहे का?

देवपूरची_बाई:
मी आहे. गावातली ती पांझरेपलीकडची जिम मीही अजून आतून पाहिलेली नाही. रविवारी दहानंतर या, दोघी मिळून वर जाऊ.